राऊटरचं बिट कोणत्या मापाचं घ्यावं?

आपल्याकडे सुतारकामातली मापं अजून सुतात बोलली जातात. आठ सूत म्हणजे एक इंच. फळी कापताना त्याने काही बिघडत नाही, राऊटरचं, म्हणजे लाकडात खोबणी पाडणाऱ्या आणि कडा घडवणाऱ्या मशीनचं, बिट (त्यात फिरणारं कापायचं हत्यार) घेताना बिघडतं. "दोन सूत दांडीचं द्या" म्हटलं की दुकानदार ६ मिमीचंही देतो आणि पाव इंचाचंही, म्हणजे ६.३५ मिमीचं. दांडी म्हणजे बिटाचा मशीनमध्ये बसणारा भाग. हातात घेतल्यावर दोन्ही सारखीच वाटतात.

मी एकदा ६ मिमी दांडीचं बिट पाव इंचाच्या कॉलेटमध्ये (दांडी पकडणाऱ्या मशीनच्या चिमट्यात) जोर लावून आवळलं. हाताला घट्ट लागलं. खोबण सुरुवातीला ६ मिमी खोल होती, शेवटाला ९! बिट चालता चालता खाली सरकत होतं. आणखी सरकतं तर सुटून उडालं असतं.

म्हणून पहिलं काम दांडीचं. कॉलेटवर कोरलेलं माप वाचा, दांडी व्हर्नियर कॅलिपरने मोजा, दोन्ही जुळलं तरच घ्या. 'चार सूत' म्हणतानाही हाच घोटाळा होतो: १२ मिमी की १२.७? मशीनला ६ आणि १२ मिमी, दोन्ही कॉलेट बसत असतील तर जाड दांडी घ्या. १२ मिमीची दांडी ६ मिमीच्या तुलनेत वाकायला सोळा पट कठीण असते. बसवताना दांडी तळापर्यंत घाला, दोन-तीन मिमी वर ओढा आणि मग आवळा.

दुसरं, प्लाय मोजा. पुस्तकांच्या शेल्फसाठी आणलेला '१८ मिमी' प्लाय मोजला तर बरेचदा १७ च्या वर काहीतरी भरतो. तीन ठिकाणी मोजा. १८ मिमी व्यासाच्या बिटाने खोबण पाडली तर फळी आत खुळखुळते. त्यापेक्षा १२ मिमीचं सरळ बिट घ्या आणि दोन फेऱ्यांत खोबण रुंद करा. दुसऱ्या फेरीत बिट एकाच बाजूने कापतं, त्यामुळे मशीन बिटाच्या फिरण्याच्या विरुद्ध ढकला, नाहीतर ती हातातून पुढे पळते. आधी त्याच प्लायच्या तुकड्यावर खोबण पाडून फळी बसवून बघा.

पात्याची लांबी गरजेपुरतीच. ६ मिमी खोल खोबणीला २० मिमीचं पातं पुष्कळ झालं. बाहेर आलेली लांबी दुप्पट झाली की बिट आठ पट जास्त लवतं आणि खोबणीची कड लाटेसारखी येते. ६ मिमी दांडीच्या बिटाने एका फेरीत ३ मिमीपेक्षा खोल जाऊ नका. प्लायसाठी कार्बाइडचीच पाती घ्या. त्यातला डिंक साध्या हायस्पीड स्टीलची धार लवकर घालवतो.

व्यास वाढला की वेग कमी करायचा. मिनिटाला २४,००० फेऱ्यांवर १२ मिमी बिटाची धार ताशी सुमारे ५४ किलोमीटरने धावते, ५० मिमीची २२६ ने! वेग बदलता येत नसेल तर मोठं बिट त्या मशीनला लावूच नका.

नवशिक्याने पंधरा बिटांचा सेट घेऊ नये असं माझं मत. ६ आणि १२ मिमीची दोन सरळ बिटं, बेअरिंगवालं (फळीच्या कडेला टेकून चालणाऱ्या फिरत्या चकतीचं) एक कड छाटायचं ट्रिम बिट आणि कडा गोल करायचं एक, एवढ्यावर वर्षभर निघतं.

गोल कडेच्या बिटावरचा आकडा त्रिज्येचा असतो, हे मात्र ध्यानात ठेवा. '९' चं बिट १८ मिमीच्या फळीला दोन्हीकडून मारलं की पूर्ण गोल कड यायला हवी. प्लाय भरतो १७.४. पहिली बाजू मारल्यावर दुसऱ्या बाजूसाठी बेअरिंगला टेकायला सपाट जागाच राहत नाही, ते गोलाईवर घसरतं आणि कडेला खड्डा पडतो. शेल्फला मी ६ चंच लावतो.