खासदार संसदेत नेमकं काय बोलले? भाषणांची नोंद कशी शोधावी, कशी वाचावी

निवडणूक जवळ आली की खासदारांच्या कामगिरीचे आकडे फिरू लागतात: इतके टक्के हजेरी, इतके प्रश्न, इतक्या चर्चांत सहभाग. या आकड्यांवरून मत बनवू नका. घाईत वाचून दाखवलेलं मिनिटभराचं निवेदन आणि विधेयकाचं कलम न् कलम तपासणारं भाषण, मोजणीत दोन्ही एकेकच धरली जातात. संसदेतलं बोलणं शब्दशः टिपलं जातं आणि ते कुणालाही फुकट वाचता येतं. तेच वाचा.

आधी विषय आणि तारीख पक्की करा

‘शेती’ एवढाच विषय घेतला तर ढिगारा हाती येईल. एखादी घटना घ्या. कांद्याच्या निर्यातीवर डिसेंबर २०२३ मध्ये बंदी आली तेव्हा हिवाळी अधिवेशन चालूच होतं. म्हणजे शोध त्याच आठवड्यापासून सुरू करायचा आणि पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत न्यायचा. विषय विधेयकाचा असेल, तर ते दोन्ही सभागृहांत कोणत्या दिवशी चर्चेला आलं त्या तारखा आधी लिहून घ्या.

नोंद कुठे सापडते

‘संसद डॉट इन’ या अधिकृत संकेतस्थळावर लोकसभा किंवा राज्यसभा निवडा, सदस्यांच्या यादीतून नाव उघडा. चर्चा आणि प्रश्न वेगवेगळे दिलेले असतात. जुन्या लोकसभांसाठी संसदेचं डिजिटल ग्रंथालय आहे. त्यात १९५२ पासूनच्या चर्चा आहेत.

शोध फसतो तो बहुतेक वेळा नावापाशी. मराठी नावांची इंग्रजी स्पेलिंगं दर ठिकाणी वेगळी पडतात, म्हणून आधी फक्त आडनाव टाकून पाहा. तरीही सापडलं नाही, तर तारखेवरून त्या दिवसाचा पूर्ण अहवाल उघडा. जुने अहवाल म्हणजे छापील पानांची छायाचित्रं आहेत. त्यात शब्द शोधून भरवसा नाही, पानं उलटावीच लागतात.

बोलणं कोणत्या आयुधाखाली झालं ते पाहा

खासदार किती आणि कसं बोलू शकतात, हे आयुधावर, म्हणजे मुद्दा मांडायच्या संसदीय मार्गावर ठरतं. त्यामुळे ही पायरी गाळू नका.

- नियम ३७७ (लोकसभा): जास्तीत जास्त २५० शब्दांचा मजकूर, आधी लिहून दिलेला. राज्यसभेत याची जागा ‘विशेष उल्लेख’ घेतो. इथे वाद-प्रतिवाद नसतो.
- शून्य प्रहर: नियमपुस्तकात याचा उल्लेखच नाही, प्रथेने रुळलेला. मतदारसंघातले तातडीचे प्रश्न इथे येतात.
- तारांकित प्रश्न: मंत्री तोंडी उत्तर देतात आणि उपप्रश्न विचारता येतो. लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्न लागतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर फक्त लेखी मिळतं.
- नियम १९३: अल्पकालीन चर्चा, मतदानाशिवाय. मतदान हवं असेल तर नियम १८४.
- विधेयकावरची चर्चा आणि दुरुस्त्या: राष्ट्रीय धोरणावर खासदाराचा खरा कस इथेच लागतो.

तारांकित प्रश्नात मूळ प्रश्न बहुधा साधा असतो, उपप्रश्न वाचा. मंत्र्यांनी दिलेल्या आकड्याला धरून पुढचा प्रश्न आला, की खासदाराने उत्तराचे कागद वाचले होते हे कळतं. उपप्रश्नाच्या नावाखाली दुसऱ्याच कामाची मागणी आली, तर तेही कळतं.

पानावरच्या खुणा

भाषणाशेजारी वेळेची नोंद असते. ती पाहून संसद टीव्हीच्या चित्रफितीत तोच भाग काढता येतो. समाजमाध्यमांवर फिरणारा तुकडा खरा आहे का, त्याच्या आधी-नंतर काय बोललं गेलं, हे तपासायला यापेक्षा चांगला मार्ग नाही.

मजकुरात मधेच टिंबं किंवा तारांकन दिसलं, तर तो भाग अध्यक्षांच्या आदेशाने कामकाजातून वगळलेला किंवा नोंदलेलाच नाही. तिथे काय होतं याचा अंदाज बांधू नका. ‘भाषण पटलावर ठेवलं’ अशी तळटीप असेल, तर ते सभागृहात बोललंच गेलं नाही, लेखी दिलं गेलं. शून्य प्रहरात एकाच्या मुद्द्याखाली पाठिंबा देणाऱ्यांची नावं छापलेली असतात. तीही भाषणं नव्हेत, पण नावाने शोधताना हीच पानं समोर येतात. मराठीत केलेलं भाषण अहवालात अनेकदा अनुवादाच्या रूपात मिळतं, तशी टीपही असते. मूळ शब्द हवे असतील तर चित्रफीतच ऐका.

भाषणाची लांबी पाहून निकाल देऊ नका. वेळ पक्षाच्या संख्याबळानुसार वाटला जातो, आणि लहान पक्षाच्या सदस्याला मोठ्या विधेयकावर काही मिनिटंच मिळतात.

एक जुनं उदाहरण: नाथ पै

नुसती मोजणी का फसते, ते राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांच्या एका विधेयकावरून समजतं. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ५ असा निकाल दिला: मूलभूत हक्कांना कात्री लावणारी दुरुस्ती संसदेला करता येणार नाही. त्याच वर्षी नाथ पैंनी घटनादुरुस्तीची पद्धत सांगणाऱ्या कलम ३६८ मध्ये दुरुस्ती करून संसदेचा अधिकार पुन्हा स्पष्ट करणारं खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं) आणलं. ते संयुक्त समितीकडे गेलं, त्यावर दीर्घ चर्चा झाली, आणि डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर ते व्यपगत झालं, म्हणजे मंजूर न होताच बाद ठरलं. आकड्यांच्या तक्त्यात याची किंमत ‘मंजूर विधेयकं: शून्य’ एवढीच. प्रत्यक्षात १९७१ च्या २४व्या घटनादुरुस्तीने संसदेला मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करण्याचा अधिकार स्पष्टपणे दिला, आणि त्यावरचा वाद त्या चर्चेत आधीच होऊन गेला होता.

असं विधेयक वाचायचं तर क्रम असा ठेवा: आधी विधेयकाचा मजकूर, मग उद्देश आणि कारणं, मग मांडणाऱ्याचं भाषण, मग विरोधकांची भाषणं, आणि शेवटी मांडणाऱ्याचं उत्तर. विरोधकांचे मुद्दे गाळलेत, तर शेवटच्या उत्तराचं वजन कळत नाही.

मत कुठे दिलं

भाषण एकीकडे आणि मत दुसरीकडे, असंही होतं. पण बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात आणि त्यात कुणी काय मत दिलं याची नोंद राहत नाही. मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाचं मत मोजून नोंदवणं, झाली असेल तरच नावं मिळतात. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, त्यामुळे तिथे ती हमखास असते. २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाच्या विधेयकावर लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतं पडली. विरोधातल्या दोघांपैकी एक औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील होते. नुसतं मत पाहिलं तर महिला आरक्षणालाच विरोध वाटेल; त्यांच्या पक्षाची भूमिका वाचली तर आक्षेप ओबीसी आणि मुस्लिम महिलांना वेगळा वाटा नाही, यावर होता. पटो न पटो, मत आणि भाषण शेजारी ठेवूनच वाचायला हवं. पक्षादेश (व्हिप) निघाला होता का, हेही पाहा. त्याविरुद्ध मत दिल्यास सदस्यत्व जाऊ शकतं.

शून्य दिसलं तर

मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. त्यांच्या नावापुढचं शून्य गैरहजेरी नव्हे. स्थायी समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. तिथे कुणी काय विचारलं ते चर्चेच्या नोंदीत येत नाही, म्हणून समितीचा अहवाल आणि त्यातली उपस्थिती वेगळी काढून पाहा.

मंत्र्यांनी ‘माहिती गोळा केली जात आहे’ किंवा ‘विचार करू’ असं उत्तर दिलं असेल, तर ते आश्वासन धरलं जाऊ शकतं. ते पुरं करायची मुदत तीन महिने असते. ती तारीख टिपून ठेवा. मुदत उलटली की तारीख, प्रश्न क्रमांक आणि उत्तराची प्रत जोडून खासदारांना पत्र लिहा, आणि या आश्वासनाचं पुढे काय झालं ते विचारा.