पिन ओढू नका! प्रोजेक्टर बंद करताना या चुका टाळा

गणपतीत आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांना मी प्रोजेक्टर भाड्याने देतो. परत आलेल्या बॅगेला हात लावला की कळतं, कुणी पंखा थांबेपर्यंत धीर धरला आणि कुणी सरळ पिन ओढली. बॅग बाहेरूनही गरम असते.

दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये घरातला बल्ब नसतो. क्वार्ट्झची इवलीशी कुपी, आत पारा, आणि चालू असताना हवेच्या सुमारे दोनशे पट दाब. ती सांभाळतो पंखा. वीज तोडली की पंखाही गेला, उष्णता आतच कोंडली. म्हणून रिमोटचं पॉवर बटण दाबायचं, पडद्यावर ‘बंद करू का?’ विचारलं की पुन्हा दाबायचं. दिवा विझतो, पंखा घोंघावत राहतो, मशीनवरचा छोटा लाइट लुकलुकतो. पंखा गप्प झाला आणि लाइट स्थिर झाला की मगच पिन. मिनिट-दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात मी स्पीकरच्या वायरी गुंडाळतो. नुसतं उभं राहिलात तर हात शिवशिवणारच.

एका मंडळात विसर्जनाच्या आदल्या रात्री सिनेमा संपला आणि जनरेटरवाल्याने खटकन जनरेटर बंद केला. प्रोजेक्टर चालूच होता. तेवढ्यात कुणाला तरी आठवलं, बक्षीस समारंभाचे फोटो दाखवायचे राहिलेत! जनरेटर पुन्हा सुरू. गरम दिवा लगेच पेटत नाही, आतला दाब उतरावा लागतो. पण कार्यकर्ता बटण दाबतोय, दाबतोय. मी स्टेजमागून धावत येईपर्यंत ‘ठप्प’! मशीन हलवलं तर आत काचांचा खुळखुळा. दिव्याची किंमत त्या रात्रीच्या भाड्याच्या चौपट. वर ऐकवलं काय, तर ‘दादा, तुमचं मशीनच नाजूक आहे.’

असा दिवा बंद खोलीत फुटला तर आधी माणसं बाहेर काढा, खिडक्या उघडा. पाऱ्याची वाफ असते, झाडू मारत बसू नका.

गरम मशीन बॅगेत कोंबू नका. दिवा गरम असताना टेबलावरून ढकलूही नका.

मध्येच भाषण आलं म्हणून चालू लेन्सवर झाकण लावणारे महाभागही भेटतात. झाकण वितळतं. रिमोटवर चित्र घालवणारं बटण असतं, ते शोधा. फिल्टरची धूळ झटका, नाहीतर पंखा फिरूनही हवा जात नाही.

‘आमचा लेझर आहे, त्याला काही लागत नाही,’ हेही ऐकतो. लेझर आणि एलईडीत तो पाऱ्याचा दिवा नसतो, खरंय. काही दिव्याच्या मशीनही थेट वीज तोडली तरी चालेल अशा बनवलेल्या असतात. त्यांच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं, आधी ते वाचा. माझ्या पोरांना मात्र ही सूट नाही. आज लेझर हाताळतात, उद्या जुना दिव्याचा मिळतो, आणि हात सवयीनेच पिनेकडे जातो.

लाइट जाणाऱ्या गावात मी छोटा यूपीएस नेतो. सिनेमा चालवायला नाही, फक्त पंखा फिरवायला. लाइट गेली की लगेच पॉवर बटण दोनदा. पब्लिक ओरडतं, ओरडू दे.