नवी रॅम घेण्याआधी जुनी तपासा

पुण्याच्या तापकीर गल्लीत नवी रॅम (कॉम्प्युटरची तात्पुरती मेमरी) आणायला निघण्याआधी एक रात्र जुन्या रॅमला द्या. निळी स्क्रीन, मध्येच रीस्टार्ट, झिप उघडताना ‘करप्ट’चा मेसेज, यामागे दर वेळी रॅमच असते असं नाही. पण तपासणी फुकट आहे.

विंडोजमधलं ‘मेमरी डायग्नोस्टिक’ पहिल्या चाळणीला ठीक. सुरू होताच एफ१ दाबून ‘एक्स्टेंडेड’ निवडा. माझा खरा भरवसा मात्र मेमटेस्ट८६+ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामवर. ते पेनड्राइव्हवर टाकून (आतला डेटा आधी दुसरीकडे हलवा) त्यावरूनच कॉम्प्युटर सुरू करायचा. विंडोज चालू असताना रॅमचा बराच भाग त्याच्याच ताब्यात असतो, तो तपासताच येत नाही. इथे जवळपास सगळी रॅम मोकळी मिळते.

एका पासवर (तपासणीच्या एका पूर्ण फेरीवर) थांबू नका, काही दोष रॅम तापल्यावरच बाहेर पडतात. आणि एररचा आकडा शून्यच हवा. ‘एकच तर आहे’ म्हणून सोडून दिलेली एरर उद्या लग्नाचे फोटो कॉपी होताना गुपचूप बिघडवू शकते.

एरर दिसली तर आधी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करून तपासणी पुन्हा चालवा. तरीही आली, तर प्लग काढून एकेक स्टिक (रॅमची पट्टी) त्याच स्लॉटमध्ये लावून बघा. प्रत्येक स्टिकला तिथेच एरर येत असेल, तर स्लॉट बदला. दोष मदरबोर्डचाही असू शकतो. एकच स्टिक दोषी सापडली, तर एररच्या लाल ओळींचा फोटो काढा आणि बिल शोधा. बऱ्याच ब्रँडेड रॅमला लाइफटाइम वॉरंटी असते.