सेव्ह केलेलं अ‍ॅनिमेशन वर्गात हललंच नाही? या चुका टाळा

करमाळा, सांगोला, अक्कलकोट, कुठल्याही तालुक्यातल्या शिक्षकांशी बोला, ही तक्रार हमखास निघते. सोलापुरात घरी वायफायवर झकास चालणारं अ‍ॅनिमेशन पेन ड्राइव्हवर घेऊन सर किंवा बाई शाळेत पोचतात. प्रोजेक्टर लागतो, मुलं सरसावून बसतात आणि पडद्यावर येतं नुसतं चित्र. नेटला रेंज नसते, त्यामुळे साईट उघडून दाखवायचीही सोय नाही. रात्री जागून शोधलेली गोष्ट मुलांपर्यंत पोचत नाही याची हळहळ वाटते, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

बहुतेक घोटाळ्यांचं मूळ एकच असतं: वेबवर जे जे हलतं ते सगळं आपण चित्र समजून सेव्ह करतो. प्रत्यक्षात ते जीआयएफ असेल, वेबपी असेल (हे दोन्ही हलणारं चित्र साठवू शकणारे फाईलचे प्रकार), आवाज नसलेला व्हिडिओ असेल, नाहीतर ब्राउझर त्या क्षणी कोड चालवून रेखाटत असलेलं चित्र असेल. प्रत्येकाची सेव्ह करायची रीत वेगळी.

राइट क्लिक केलं, पण मेनू वाचला नाही

आपल्या सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्डवर, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागावर, विणली जाते. समजा, ती कशी उमटते हे मुलांना दाखवायचं आहे. पंच कार्डाला जिथे भोक आहे तिथे सुई आत जाते, तिचा हुक वर उचलला जातो, त्याला बांधलेला ताण्याचा धागा वर येतो आणि खालून धोटा जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. १८०४ सालची ही युक्ती नुसती बोलून समजावताना तोंडाला फेस येतो, पण दहा सेकंदांच्या अ‍ॅनिमेशनमध्ये मुलांना पटकन कळते.

तुम्हाला असं अ‍ॅनिमेशन सापडलं आणि त्यावर राइट क्लिक केलं. ‘सेव्ह व्हिडिओ अ‍ॅज’ आलं तर तो व्हिडिओ आहे. एमपी४ किंवा वेबएम फाईल मिळेल आणि काम झालं. ‘सेव्ह इमेज अ‍ॅज’ आलं तर मात्र लगेच खूश होऊ नका. सेव्ह करताना फाईलच्या नावाच्या शेवटी काय लिहून येतं ते बघा. जीआयएफ किंवा वेबपी असेल तर आशा आहे. पीएनजी (स्थिर चित्राचा प्रकार) आलं, तर बहुधा ते कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या रेखाटायच्या चौकटीत, कोडने रेखाटलेलं चित्र असतं, आणि हाती लागते ती फक्त त्या क्षणाची एक फ्रेम. सुई अर्धी आत, धागा अर्धा वर, बस.

विंडोजमध्ये नावापुढची ही शेपटी मुळात लपवलेली असते. फाईल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. एवढं एक केलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

कॅनव्हासवरचं अ‍ॅनिमेशन ठेवायचा सरळ मार्ग म्हणजे स्क्रीन रेकॉर्डिंग. विंडोज ११ मधल्या स्निपिंग टूलमध्ये ती सोय आहे. विंडोज १० वर ब्राउझर समोर ठेवून विंडोज, ऑल्ट आणि आर एकत्र दाबा. रेकॉर्डिंग ‘व्हिडिओज’मधल्या ‘कॅप्चर्स’ फोल्डरमध्ये जातं. अ‍ॅनिमेशनचं पूर्ण आवर्तन एकदा होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत रेकॉर्ड करा. अर्ध्यावर तोडलेलं आवर्तन मुलांना गोंधळात टाकतं.

कॉपी-पेस्ट, पेंट आणि नाव बदलणं

‘कॉपी इमेज’ करून पॉवरपॉइंटमध्ये पेस्ट केलं की बहुतेक वेळा एकच फ्रेम जाते. फाईल आधी सेव्ह करा आणि मग ‘इन्सर्ट’मधून घाला. जीआयएफ पेंटमध्ये उघडून पुन्हा सेव्ह केली की तिची हालचाल कायमची गेली; कडा कापायच्या असतील तर मूळ फाईलची प्रत करून, अ‍ॅनिमेशन सांभाळणाऱ्या टूलमध्येच कापा. वेबपीचं नाव बदलून जीआयएफ लिहिल्याने आतला मजकूर बदलत नाही, त्यासाठी रूपांतरच करावं लागतं. आणि फोटो व्ह्यूअरमध्ये हलत नाही म्हणजे फाईल बिघडली, असंही लगेच समजू नका. ती ओढून क्रोम किंवा फायरफॉक्सच्या टॅबमध्ये सोडा. तिथे जीआयएफ, वेबपी, एसव्हीजी सगळं चालतं.

विकिमीडिया कॉमन्सवरून घेताना पानावर दिसणारी छोटी प्रत उचलू नका. मोठ्या जीआयएफची छोटी प्रत कधी कधी स्थिरच असते. ‘ओरिजिनल फाईल’ उघडून तीच सेव्ह करा, आणि खाली दिलेला परवाना व बनवणाऱ्याचं नाव टिपून घ्या. स्लाइडच्या कोपऱ्यात ते नाव लिहिणं हे आपलं कर्तव्य आहे.

फोल्डर मागे राहिलं

सर्वांत जास्त तास या चुकीने बुडतात. ‘सेव्ह पेज अ‍ॅज’मध्ये ‘कम्प्लीट’ निवडलं की एक एचटीएमएल फाईल आणि त्याच नावाचं एक फोल्डर तयार होतं. चित्रं, कोड सगळं त्या फोल्डरमध्ये असतं. पेन ड्राइव्हवर फक्त फाईल नेली, तर शाळेत पांढरं पान उघडतं. दोन्ही एकाच जागी, नाव न बदलता न्या.

दोन्ही नेऊनही पान ‘लोडिंग’वर अडकून राहतं, त्याचं कारण वेगळं. कॉम्प्युटरवरून थेट उघडलेल्या पानाला ब्राउझर सुरक्षिततेसाठी शेजारची डेटा फाईल सहसा वाचू देत नाही. कॉम्प्युटरवर पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा टाकलेली असेल तर तिच्यासोबत येणारा छोटा सर्व्हर (ब्राउझरला साईटसारखं पान पुरवणारा प्रोग्राम) त्या फोल्डरमध्ये सुरू करून पान उघडता येतं. ते जमत नसेल तर रेकॉर्डिंग करा, त्यात कमीपणा काही नाही. क्रोममधला ‘सिंगल फाईल’ हा पर्याय मात्र इथे उपयोगाचा नाही, कारण तसं सेव्ह केलेल्या पानात कोड चालत नाही.

विज्ञानाच्या शिक्षकांनी तर ही सगळी खटपट करण्याआधी फेट (PhET) ही सिम्युलेशन्सची, म्हणजे पडद्यावर करून बघायच्या प्रयोगांची, साईट बघावी. कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. त्यातली एचटीएमएल५ सिम्युलेशन्स मुळातच एका फाईलमध्ये बांधलेली असतात, नेटशिवाय चालतात आणि बरीच मराठीतही आहेत. इथे रेकॉर्डिंग करू नका. मुलांनी स्वतः स्लायडर ओढून बघण्यातच त्यांची किंमत आहे.

‘फ्लॅश प्लेयर’ शोधत बसणं

शाळेच्या जुन्या सीडीवर एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशमध्ये बनवलेल्या अ‍ॅनिमेशनच्या, फाईल्स सापडतात. अडोबीने फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्या प्लेयरमध्ये मजकूर चालणंही बंद झालं. आता कुठल्या अनोळखी साईटवर ‘फ्लॅश प्लेयर डाउनलोड करा’ असं बटण दिसलं तर हातसुद्धा लावू नका, व्हायरस घुसण्याची ती मोठी वाट आहे. रफल हे मोफत एम्युलेटर, म्हणजे फ्लॅश प्लेयरची नक्कल करून त्या फाईल्स चालवणारा प्रोग्राम, वापरा. जुन्या, साध्या फाईल्स त्यात चांगल्या चालतात. गुंतागुंतीच्या काही अडतात.

तपासणी चुकीच्या ठिकाणी

ज्या ब्राउझरमध्ये साईट पाहिली, तिथेच सेव्ह केलेलं पान उघडून ‘चालतंय की’ म्हणू नका. नेट चालू असेल तर ते पान काही भाग गुपचूप साईटवरूनच ओढत असतं, आणि बंद केलं तरी कॅशमधून, म्हणजे ब्राउझरने आधी साठवलेल्या प्रतींतून, घेऊ शकतं. वायफाय बंद करा, पेन ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि फाईल तिथून उघडा. शाळेतला जुना कॉम्प्युटर मिळाला तर उत्तमच. त्यावर वेबएम अडखळत असेल, तर तोच व्हिडिओ एमपी४ मध्ये करून सोबत ठेवा.