चर्चमध्ये नाटक करायचं, तर आधी टाळी वाजवा

एडिंबरात जॉर्ज फोर्थ ब्रिजच्या टोकाशी बेडलम थिएटर आहे. थॉमस हॅमिल्टनच्या आराखड्यावर १८४०च्या दशकात बांधलेलं हे चर्च. १९८०पासून तिथे विद्यापीठाची नाटकवाली मुलं आहेत. तिकिटांपासून लाइट्सपर्यंत सगळं तीच सांभाळतात. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमींत वाढलेली मी तिथे पहिल्यांदा शिरले, तेव्हा स्टेजआधी वर बघितलं. तुमच्याकडे असं चर्च आलं, तर माझं हे ऐका.

परवानगी सगळ्यात आधी. स्कॉटलंडमध्ये वारसा यादीतल्या वास्तूत संमतीशिवाय फेरफार करणं गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे.

मग आवाज. रिकाम्या चर्चमध्ये मधोमध उभं राहून एकच टाळी वाजवा, ती विरेपर्यंत मोजा. ऑर्गनला दोन-तीन सेकंद घुमणं हवंच असतं. संवादाला सेकंदभर पुरे. त्यापुढे एका शब्दाची शेपटी दुसऱ्यावर पडते. मी 'रात', 'वाट', 'परत' म्हणून बघते. शेवटचा त किंवा ट मागच्या बाकावर पोचला नाही, तर पडदे लागणार. जाड लोकरी, भरपूर चुण्यांचे, भिंतीपासून वीतभर पुढे. भिंतीला चिकटलेला पडदा खर्जातला आवाज शोषतच नाही. छत मात्र झाकू नका, त्या कमानींसाठी तर एवढा खटाटोप.

दगडात एकही भोक पाडायचं नाही. लाइट्ससाठी स्वतःच्या पायांवर उभा राहणारा सांगाडा करा. त्याआधी फरशीखाली काय आहे ते इंजिनिअरकडून बघून घ्या. जुन्या चर्चच्या पोटात पोकळ्या असतात, कधी थडगीही.

दुपारच्या प्रयोगाला अंधार हवा म्हणून रंगीत काचांवर काळा कागद डकवू नका, मागे ओल साचते. आतून काढता-घालता येतील अशा चौकटी करा, हवा खेळू द्या. दगडाचे सांधे चुन्यानेच भरा; सिमेंट ओल कोंडतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. बाहेर पडायचा दुसरा दरवाजा नसेल, तर प्रेक्षक घेऊच नका.

पडदे लागले की पुन्हा टाळी. एकदा रिकाम्या खुर्च्यांसमोर, एकदा माणसं बसवून. थंडीचे कोट घातलेली माणसं बराच आवाज पितात. दोन्ही वेळी पडदा कुठवर ओढायचा, त्याची खूण रुळावर टेपने करून ठेवा. तालमीला पांढरी, प्रयोगाला लाल.