इंजिन टेस्टिंगला नवीन आहात? आधी मोजायला शिका

मेकॅनिकलची डिग्री घेऊन मी चाकणच्या एका कंपनीत इंजिन टेस्टिंगला लागलो, तेव्हा ऑटो सायकलचं, म्हणजे पेट्रोल इंजिनच्या आदर्श चक्राचं, सूत्र तोंडपाठ होतं. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, 10 धरला की कार्यक्षमता (इंधनाच्या ऊर्जेपैकी कामात आलेला भाग) 60 टक्के. डायनोवरचं (इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचं) पेट्रोल इंजिन मात्र उत्तम चालतानाही 35च्या आसपास. थोडा फरक सूत्रातच असतो, कारण त्यात आदर्श वायू धरलेला असतो. बाकीची उष्णता कूलंटमधून, एक्झॉस्टमधून आणि घर्षणात जाते.

सुधारणा करायची घाई सगळ्यांनाच असते, मलाही होती. तिसऱ्या महिन्यात ई20 पेट्रोलवर (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) चाचणी केली. बीएसएफसी, म्हणजे एका किलोवॅट-तासाला लागणारं इंधन, 255 ग्रॅम आलं. सवयीने कॅलरिफिक व्हॅल्यू, म्हणजे इंधन जळून मिळणारी उष्णता, साध्या पेट्रोलसारखी किलोला 43 मेगाजूल धरून मी कार्यक्षमता 32.8 टक्के लिहिली. सरांनी रिपोर्ट परत पाठवला. इथेनॉलची व्हॅल्यू जेमतेम 27, म्हणून मिश्रणाची साधारण 39.6. तीच चाचणी, तेच इंजिन, आणि उत्तर 35.7! त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं, कारण त्या आकड्यावरून पुढचं कॅलिब्रेशन, म्हणजे इंजिनच्या स्पार्क-इंधनाच्या सेटिंग्ज, ठरणार होतं. तेव्हापासून इंधनाचा लॅब रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी गणिताला बसत नाही.

रोज सकाळी तेल 90 अंशांना स्थिर होईपर्यंत थांबा. थंड तेलात घर्षण जास्त, मग कालचे आणि आजचे आकडे जुळत नाहीत.

मोजमाप पक्कं झालं की नॉककडे वळा. कॉम्प्रेशन वाढवलं की कार्यक्षमता वाढते, पण ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण पेटतं, हाच नॉक, आणि तो टाळायला स्पार्क मागे घ्यावा, म्हणजे उशिरा द्यावा लागतो. मग कमावलेलं तिथेच जातं. टोयोटाने 2015च्या प्रियसमध्ये रेशो 13 ठेवून 40 टक्के गाठले. त्यामागे ॲटकिन्सन सायकल (दाबण्यापेक्षा प्रसरण जास्त ठेवणारं चक्र) आणि थंड केलेला ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा वायू परत सिलिंडरमध्ये सोडणं) होता. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे नॉक न होऊ देण्याची क्षमता, जास्त, शिवाय वाफ होताना ते मिश्रणाला थंड करतं, म्हणून आपल्याकडे या कामाला मला खूप वाव दिसतो.

सिलिंडर प्रेशरचा आलेख वाचायला लवकर शिका. निम्मं इंधन जळून होण्याची वेळ टीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या बिंदूनंतर) क्रँक साधारण 8 अंश फिरल्यावर हवी. नॉकमुळे ती 20वर सरकली असेल, तर आधी आत येणारी हवा किती तापलेली आहे ते बघा.