जुन्या गाडीचा कंपनी-फिटेड स्टिरिओ बिघडला, तर शोध कुठून सुरू करायचा

ऑटो इलेक्ट्रिकच्या कामात नव्याने आलेल्यांना मी सुरुवातीला गाडीच्या स्टिरिओवरच बसवतो. फ्यूज, अर्थ, लूज कॉन्टॅक्ट, व्होल्टेज ड्रॉप, सगळं त्यात भेटतं, आणि कामात काही राहून गेलं तरी गाडी रस्त्यात बंद पडत नाही. त्यातही जुन्या गाडीचा कंपनीचा सेट जास्त शिकवतो. बाहेरून बसवलेला सेट काढून दुसरा लावला की विषय संपतो. कंपनीच्या सेटचा अ‍ॅम्प्लिफायर डिकीत किंवा सीटखाली असू शकतो, सिग्नल वाढवणारा बूस्टर अँटेनाच्या बुडाशी असतो, आवाजाची बटणं स्टेअरिंगवर असतात. समोर दिसतो तो फक्त चेहरा.

गाडीमालक नेहमी म्हणतो, "सेट गेलाय." ते ऐकून घ्यायचं आणि बाजूला ठेवायचं. त्याला विचारायचं ते हे: आवाज एकदम गेला की हळूहळू? दार आपटल्यावर येतो का? पावसानंतर बिघडलं की नुकतीच बॅटरी बदलली होती? थंड गाडीत चालतो आणि अर्ध्या तासाने बंद पडतो का? निम्मं निदान या उत्तरांत असतं. बॅटरीला हात लावण्याआधी सेटला सुरक्षा कोड आहे का, तेही विचारून घ्या. नव्वदीतल्या कित्येक सेटना बॅटरी सुटली की कोड लागतो, आणि चुकीचा कोड पुन्हा पुन्हा टाकला तर सेट कुलूपबंद होतो.

मग काहीही न उघडता बॅलन्स (आवाज डावी-उजवीकडे नेणारा) आणि फेडर (पुढे-मागे नेणारा) फिरवा. एकच स्पीकर मुका असेल तर संशय त्याच्या दारावर. डावीकडचे दोन्ही गेले असतील तर सेटच्या मागचा कपलर (वायरींचा प्लग) किंवा अ‍ॅम्प्लिफायर बघायचा. चारही गप्प आणि डिस्प्ले चालू, ही वेगळी गोष्ट, तिच्याकडे पुढे येतो. सीडीचा आवाज स्वच्छ आणि रेडिओच खरखरतो, तर स्पीकर निर्दोष आहेत, अँटेनाकडे वळा. तिथल्या बूस्टरला १२ व्होल्ट पोचले नाहीत तर सगळी स्टेशनं दुबळी होतात.

सेट पूर्ण मेला असेल तर फ्यूज. एक फ्यूजबॉक्समध्ये आणि बऱ्याचदा दुसरा सेटच्या पाठीवरच. फ्यूज डोळ्यांनी तपासू नका, मीटरने तपासा. सेटला दोन सप्लाय लागतात: एक कायमचा, आठवणीत ठेवलेल्या स्टेशनांसाठी, आणि दुसरा चावी फिरवल्यावर येणारा. किल्ली काढली की स्टेशनं पुसली जात असतील, तर कायमचा सप्लाय पोचत नाही किंवा आधी कुणीतरी दोन वायरींची अदलाबदल केली आहे. आयएसओ कपलरमध्ये, म्हणजे बऱ्याच सेटमागे असणाऱ्या प्रमाणित प्लगमध्ये, या दोन पिना ४ आणि ७ क्रमांकाच्या, आणि काही कंपन्यांनी त्या उलट वापरल्या आहेत. वायरींच्या रंगावर भिस्त ठेवू नका. पिवळी, लाल, काळी ही सोय बाजारातल्या सेटची. कंपनीचे रंग कंपनीगणिक वेगळे, त्याच मॉडेलचा आणि त्याच वर्षाचा सर्किट डायग्राम हवा.

सप्लाय मोजताना सेट चालू आणि आवाज मोठा ठेवा. रिकाम्या वायरीवर १२ व्होल्ट दिसतात आणि लोड आला की ९ वर कोसळतात, हा गंजलेल्या कपलरचा ठराविक खेळ. अर्थही तसाच तपासायचा: मीटरची एक तार सेटच्या अर्थ पिनेला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक, त्याहून जास्त असेल तर अर्थचा बोल्ट सोडून घासा.

आता दार. जुन्या गाडीत मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवतो. दार आणि बॉडीच्या मधे रबरी बूट असतो, त्यातून वायरी जातात आणि दार उघडलं-मिटलं की दरवेळी वाकतात. वर्षानुवर्षांच्या या वाकण्याने आतलं तांबं तुटतं, पण वरचं प्लास्टिक अखंड राहतं. पाहिलं तर वायर ठणठणीत. बूट मागे सरकवा, एकेक वायर दोन बोटांत धरून हलके ओढा. चांगली वायर ताठ राहते, तुटलेली रबरासारखी लांबते. ती कापलीत की आत हिरवट-काळे पडलेले तांब्याचे धागे दिसतील. तिथल्या तिथे सोल्डर करू नका. सोल्डरने वायर कडक होते आणि जोडाच्या शेजारीच पुन्हा तुटते. लवचीक, बारीक धाग्यांच्या वायरीचा नवा तुकडा घाला आणि दोन्ही जोड बुटाच्या बाहेर येतील असे ठेवा, एक दाराच्या आत आणि एक बॉडीच्या आत. तिथे सोल्डर चालेल, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

दारापर्यंत सिग्नल येत असेल तर डोअर पॅड काढा. जुन्या क्लिपा तुटणारच, आधीच आणून ठेवा. ज्या गाडीच्या दारात एअरबॅग किंवा त्याचा सेन्सर आहे, तिथे बॅटरी सोडून काही मिनिटं थांबल्याशिवाय काही उचकटू नका. स्पीकर सोडवून त्याच्या दोन टोकांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. टक असा आवाज येऊन कोन हलला तर कॉइल जिवंत आहे. मीटरवर ४ ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. कोन दोन्ही बाजूंनी सारखा दाबून पाहा, घासल्याची कुरकुर आली तर कॉइल वाकडी. ट्वीटरला (बारीक, उंच आवाजाच्या छोट्या स्पीकरला) मात्र मालिकेत कपॅसिटर असतो, त्यामुळे मीटर त्याला तुटलेला दाखवतो. नवखे चांगले ट्वीटर यापायीच फेकतात.

चारही स्पीकर गप्प असण्याबद्दल. बहुतेक सेटचा आऊटपुट आयसी, म्हणजे स्पीकर चालवणारी चिप, ब्रिज पद्धतीचा असतो. म्हणजे स्पीकरच्या दोन्ही वायरी बॅटरीच्या निम्म्या व्होल्टेजवर बसलेल्या असतात आणि तिथून विरुद्ध दिशांना हलतात. मीटरची काळी तार बॉडीला लावून स्पीकरची वायर मोजली की ६-७ व्होल्ट येतात, आणि समोरचा ओरडतो, "स्पीकरला डीसी जातोय!" जात नाही. दोन वायरींच्या मधे मोजा, जवळपास शून्य यायला हवं. तिथे व्होल्टभर डीसी आला तर आयसी गेला, स्पीकर लगेच सोडवा. याच रचनेमुळे स्पीकरची वजा वायर बॉडीला कधीही लावायची नाही. दारात सोललेली एक वायर पत्र्याला टेकली तरी कित्येक सेट स्वतःला वाचवण्यासाठी सगळेच चॅनल बंद करतात. म्हणून सेट उघडण्याआधी स्पीकरच्या जोड्या एकेक करून सोडवा. एखादी सोडवल्यावर बाकीचे बोलू लागले, तर शॉर्ट त्या वायरीत.

वेगळा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर त्याच्याकडे तीन गोष्टी मागायच्या: सप्लाय, अर्थ, आणि त्याला जागं करणारी रिमोट वायर. अशा सिस्टिमचे स्पीकर अनेकदा २ ओहमचे किंवा त्याहून कमी असतात. ते ४ ओहमच्या सेटवर लावले तर आयसी भाजतो.

२००१ च्या बीएमडब्ल्यू ७ सीरीजपासून काही युरोपीय गाड्यांत मोस्ट नावाची प्रकाशतंतूंची साखळी आली. तिथे मीटर निरुपयोगी. उपकरणं वर्तुळात जोडलेली, त्यातलं एक मेलं की सगळी सिस्टिम मुकी. उपकरण काढून त्याच्या जागी साखळी जोडणाऱ्या लूप कपलरने एकेक उपकरण वगळत जायचं. सोडवलेल्या तंतूतून लाल उजेड दिसतो का, हेही पाहता येतं. ही केबल २५ मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येच्या वळणात वाकवायची नाही.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू आली तर आधी अर्थ, मग अल्टरनेटर. मीटर एसीवर ठेवून चालू इंजिनात बॅटरीवर मोजा. रीडिंग अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेलं तर अल्टरनेटरचे डायोड तपासा, स्टिरिओला दोष देऊ नका.

सेट उघडायची पाळी शेवटी येते. तापल्यावर बंद पडणाऱ्या सेटमध्ये बहुधा तडा गेलेलं सोल्डर असतं, मंद आणि अस्पष्ट आवाजाच्या सेटमध्ये गळके इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. सोल्डरिंगवर हात बसला नसेल तर बोर्डाचं काम त्याच कामाच्या माणसाकडे द्या, त्यात कमीपणा नाही.

गाडी परत देण्याआधी सेट अर्धा तास वाजू द्या, दारं चार वेळा आपटा. मग चावी काढून, सगळं झोपल्यावर बॅटरीचा करंट मोजा. ५० मिलिअ‍ॅम्पियरच्या वर राहिला, तर बहुतेक वेळा अ‍ॅम्प्लिफायर अजून जागाच आहे, आणि काम परत रिमोट वायरीपाशी सुरू होतं.